‘बुडूक’चा माग

९ जानेवारी

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र पोचलं. अण्णांनी ते माझ्याआधी वाचलं, मास्तरकीच्या सवयीने तांबड्या पेन्सिलीने दोन ठिकाणी खुणा केल्या आणि मग माझ्या हातात दिलं. "शब्दकोशात नोकरी करतो आणि वाक्यं अर्धवट सोडतो," म्हणाले. तेव्हा तब्येत ठणठणीत आहे असं समजून चाल. यापुढे मात्र मला लिहायचं ते दुकानाच्या पत्त्यावर टाक. फोन त्यांच्या पलंगाशी आहे, आणि जे सांगायचंय ते त्यांच्या कानावर जायला नको.

गेल्या आठवड्यात दुकानात बटणांचा विक्रेता आला होता. नवा माणूस, बंदराच्या शहरातला. मी भांडायच्या तयारीतच होते, कारण मागच्या खेपेची बटणं गणवेशांवरून टपाटप गळत होती आणि मुलांच्या आया माझ्या शिवणीला नावं ठेवत होत्या. त्याने एक बटण उजेडाकडे धरलं, नखाने भोकाची कड चाचपली आणि म्हणाला, "हे बघा, इथं आहे बुडूक. कडेला धार राहिलीय, ती दोरा कापतेय."

माझ्या तोंडात टाचण्या होत्या. गिळल्या नाहीत एवढंच.

मी विचारलं, हा शब्द कुठला? तो माझ्याकडे बघतच राहिला. कुठला म्हणजे काय, सगळेच म्हणतात, म्हणाला.

सगळेच कसे म्हणतील, धाकट्या? तो शब्द मधल्याचा आहे. तू तेव्हा शाळेत होतास, तुला कितपत आठवतं कोण जाणे. सायकलवाल्या काकांच्या दुकानात अर्धं कापलेलं पिंप होतं, काळ्या पाण्याने भरलेलं. मधला कॉलेजला दांडी मारून तिथं पंक्चर काढत बसायचा. ट्यूब पाण्यात दाबत न्यायची, आणि भोकातून बुडबुडा वर आला की हा ओरडायचा, "बुडूक!" मग ते घरी आलं. चष्मा सापडला, बुडूक. तुझी थाप पकडली, तुझं बुडूक निघालं. मीसुद्धा बोलायला लागले होते.

आणि मग ते पाहुणे आले. अण्णा त्यांना सांगत होते की आयुष्यात कुणाकडे शब्द टाकला नाही, पोटच्या मुलासाठीही नाही. मधला पाण्याचे ग्लास घेऊन आत येता येता हसला. त्याला कॉलेजातून काढलं तेव्हा अण्णा प्राचार्यांच्या दारात जाऊन बसले होते, हे त्याला त्याच दिवशी कळलं होतं. "अण्णा, बुडूक निघालं तुमचं," म्हणाला. मला अजून वाटतं, तो आनंदाने म्हणाला. चार माणसांत अण्णांना ते तसं ऐकू आलं नाही. "ही गटारातली भाषा बोलायची असेल तर त्या सायकलवाल्याकडेच राहा," एवढंच बोलले. तो खरंच तिकडे राहायला गेला, आणि थोड्याच दिवसांत तिथूनही गेला. एक पोस्टकार्ड आलं, बरा आहे म्हणून. पत्ता नव्हता. वीस वर्षं उलटून गेली.

शब्द कुठून कुठे गेला ते शोधायचंच ना तुझं काम? मग शोध. त्याच्या मागे माणूस असेल.

तुझी,
ताई


१८ जानेवारी

ताई,

पत्र ऑफिसात उघडलं ही चूक झाली. शेजारच्या टेबलावरून लगेच विचारणा झाली, घरी सगळं ठीक ना?

मला सगळं आठवतं. पाहुण्यांसमोर मी हसलो होतो हेही आठवतं, आणि तू मला कोपराने ढोसलं होतंस तेही. तुला एक गोष्ट मुद्दामच सांगितली नव्हती. ‘बुडूक’ आमच्याकडे येऊन वर्ष झालं.

एखादा नवा शब्द सापडला की आम्ही त्याचं कार्ड करतो. कुठे, केव्हा, कुणाच्या तोंडी, कोणत्या वाक्यात. सुरुवातीला त्याला ‘अशिष्ट’ अशी खूण लागते. मग लोकांचे कान सरावतात. वर्तमानपत्रवाले तो अवतरणचिन्हांत घालून वापरतात, जणू चिमट्यात धरलाय. काही वर्षांनी चिमटा गळतो, आमची खूण ‘बोलभाषा’ होते, आणि एक दिवस खूणच राहत नाही. ‘भन्नाट’ असाच आत आला. त्याविरुद्ध अण्णांनी आम्हाला लिहिलेला आक्षेप बाईंनी जपून ठेवलाय. बाई म्हणजे आमच्या मुख्य संपादक. नव्या माणसाला त्या तो वाचायला देतात, आक्षेप कसा घ्यावा याचा नमुना म्हणून. अण्णांना सांगू नकोस, फुगतील.

‘बुडूक’चं सगळ्यात जुनं कार्ड बंदराच्या शहरातल्या बस आगाराचं आहे, तिथल्या कामगारांच्या भित्तिपत्रकातलं. त्यानंतरचं त्याच शहरातल्या एका वसतिगृहातल्या नाटुकल्याचं. मग रेडिओ. मग एका क्रिकेट समालोचकाने फलंदाजाच्या तंत्रातलं बुडूक काढलं आणि तिथून पुढे कार्डं मोजायचं मी सोडून दिलं.

पहिलं कार्ड हातात आलं तेव्हा मी उठून जिन्यात जाऊन उभा राहिलो होतो. तुला कळवलं नाही, कारण तू लगेच बॅग भरली असतीस. आशा लावून मग ती काढून घेणं मला जमत नाही.

धाकटा


२५ जानेवारी

प्रिय धाकट्या,

आशा लावायची की नाही हे तू कोण ठरवणार? मी तुझ्यापेक्षा मोठी आहे, मला माझी आशा सांभाळता येते.

बस आगार म्हणजे चाकं, ट्यूबा, हवा. मधला दुसरीकडे जाईल कुठे? वर्षभर तुझ्या खणात त्याचा पत्ता पडून होता आणि तू त्यावर खुणा करत बसलास. आता सुट्टी काढ आणि जा. मला दुकान सोडता येत नाही आणि अण्णांना एकटं ठेवता येत नाही. ते मान्य करणार नाहीत, पण परवा दूध उतू गेलं तेव्हा समोर बसून पेपर वाचत होते.

बाकी त्यांचं ठीक चाललंय. सायकलीचं वेड मात्र वाढलंय. गुडघे गेल्यापासून तिच्यावर बसत नाहीत, तरी आठवड्यातून एकदा ती हाताने ढकलत काकांच्या दुकानात नेतात आणि हवा भरून आणतात. काका गेले, आता त्यांचा भाचा बघतो दुकान. मी म्हटलं, अण्णा, न चालवलेल्या सायकलची हवा जाते कुठे? म्हणाले, रबर आहे, जुनं झालं. असो. तेवढंच चालणं होतं.

तर तू जा. आणि गेलास की फोरमनला वगैरे इंग्रजीत काही विचारत बसू नकोस. साधं विचार, असा असा माणूस होता का, मान थोडी उजवीकडे कललेली, बोलायला लागला की थांबत नाही.

ताई


१९ फेब्रुवारी

ताई,

जाऊन आलो.

आगाराचा फोरमन भला माणूस. मी कोशातून आलोय म्हटल्यावर त्याने खुर्ची पुसून दिली. ‘बुडूक’ आमच्या आगाराचा शब्द आहे, असं त्याने मला छातीवर हात ठेवून सांगितलं. त्याची मुलगी डबा घेऊन आली होती. ती म्हणाली, काहीतरीच काय बाबा, तो आमच्या शाळेतला आहे, मीच तुम्हाला शिकवला. दोघांची जुंपली. मग आजूबाजूची माणसं जमली आणि प्रत्येकाने आपापल्या काकाचं, मेव्हण्याचं नाव पुढे केलं.

शेवटी निवृत्तीला आलेला एक फिटर मला बाजूला घेऊन बसला. म्हणाला, होता एक पोरगा, टायर विभागात. फार बडबड्या. मान तिरकी. दोनेक वर्षं होता आणि मग लांब पल्ल्याच्या ट्रकवर गेला. मी विचारलं, शब्द त्याने आणला का? फिटरने हात चिंधीला पुसले. "साहेब, आता कसं सांगू? आम्ही सगळे एका पिंपातलं पाणी प्यायल्यासारखे बोलायचो. कुणाचा घोट कुठला, कोण बघतंय."

म्हणजे तो तिथं होता, ताई. एवढं नक्की. पण पुढे माग नाही. शब्द दोन-चार माणसांच्या तोंडी होता तेव्हा त्याच्यामागून चालत जाता आलं असतं. आता तो सगळ्यांच्या तोंडी आहे आणि सगळीकडून येतोय. गेल्या आठवड्यात अग्रलेखात आला, अवतरणचिन्हांशिवाय. ऑफिसातले सगळे खूश झाले. मला वाटलं, तुझा मधला, माझा दादा, आणखी थोडा लांब गेला.

आता मी एक उद्योग करून ठेवलाय तो ऐक आणि ओरडू नकोस.

दर आवृत्तीआधी आम्ही नव्या शब्दांची नमुना पानं छापतो. ती शाळांत, वाचनालयांत जातात, रविवारच्या पुरवणीत येतात, आणि लोक आक्षेप पाठवतात. ज्याचा आक्षेप मान्य होतो त्याचं नाव आम्ही छापत नाही, फक्त व्यवसाय छापतो. ‘सूचना: एक गवंडी.’ ‘सूचना: एक परिचारिका.’ नाव छापलं की लोक शब्दासाठी नाही, नावासाठी लिहितात, असं बाईंचं मत.

या वेळी ‘बुडूक’ माझ्याकडे होता. मूळ कुठलं, या जागी मी लिहिलं: ‘नावाड्यांच्या बोलीतून.’

दादा आठवतो ना? रेडिओवर कुणी चुकीचा स्कोअर सांगितला तर हा कोपऱ्यावरच्या दुकानातून रेडिओ स्टेशनला फोन लावायचा. चूक बघून गप्प बसणं त्याच्या रक्तातच नाही. तो जिथं कुठं असेल तिथं रविवारची पुरवणी येत असेलच. वाचेल, आणि त्याला राहवणार नाही.

धाकटा


२७ फेब्रुवारी

धाकट्या,

नावाडी? आपल्या सात पिढ्यांत कुणी होडीत पाय ठेवलाय?

पत्र वाचून मी आधी संतापले, मग दुकान बंद करून हसत बसले, आणि मग काय झालं ते सांगत नाही. त्या फिटरचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. मान तिरकी. म्हणजे इतक्या लांब जाऊनसुद्धा मान तशीच होती.

तुझ्या बाईंना कळलं तर नोकरी जाईल, हे तुला ठाऊक असणारच. आणि मला भीती वेगळीच वाटते. समजा त्याने वाचलं आणि त्याला वाटलं, बघा, एवढी एक गोष्ट माझी होती, तीही यांनी दुसऱ्याच्या नावावर केली. तो चिडून लिहायच्या ऐवजी गप्प बसला तर? आपल्यासाठी तो तेव्हाचा पोरगा आहे. आता त्याचे केस पिकले असतील. माणसं वयाने गप्प होतात.

पण गळ टाकलायस तर आता काढू नकोस. पत्र आलं की मला फोन कर. अण्णांनी उचलला तर म्हण, बटणं मिळाली. मी समजेन.

ताई


२० मार्च

ताई,

बटणं मिळाली नाहीत. मिळालं ते भलतंच.

पुरवणी आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी नावाडी संघाच्या चिटणिसांचं आभाराचं पत्र आलं. आमच्या उपेक्षित बोलीची अखेर दखल घेतली, वगैरे. त्यामागून एका निवृत्त तांडेलाचं आलं. त्याचे आजोबा होडी हाकताना बांबू तळाला टेकला की ‘बुडूक’ म्हणत, असं त्याने शपथेवर लिहिलंय. आणखी तिघांच्या आजोबांनी तेच म्हटलं होतं. एका शाळेने तर मुलांकडून होडीचं चित्र काढून घेऊन पाठवलं. खोटं बोलायला मी एकटा होतो, ते खरं करायला सगळा संघ उभा राहिला.

बाई खूश आहेत. इतक्या नव्या शब्दाला इतकं भक्कम मूळ क्वचित मिळतं, म्हणाल्या. महिन्याअखेर आक्षेपांची मुदत संपली की ‘बुडूक’ कायमचा नावाड्यांचा. पुढची शंभर वर्षं तेच खरं. मी ज्याला शोधायला निघालो त्याचंच नाव मी खोडून टाकलं, माझ्याच अक्षरात.

रोज सकाळची टपाल पिशवी मी स्वतः उघडतो. शिपाई म्हणाला, साहेब, परीक्षेचा निकाल आहे का? मुदत संपायच्या आत काहीच आलं नाही तर बाईंना खरं सांगावं लागेल, आणि माझा पुरावा काय, तर माझी बहीण आणि मी. घरच्या माणसाची साक्ष इथं धरत नाहीत.

तू बरोबर होतीस. माणसं गप्प होतात.

धाकटा


२८ मार्च

प्रिय धाकट्या,

हे पत्र मिळेल तेव्हा सोबतचं दुसरं पाकीटही मिळालं असेल. ते बाईंच्या नावाचं आहे, अक्षर माझं आहे, पण मजकूर माझा नाही. कसं घडलं ते सांगते.

नमुना पानं घरी येतात हे मी विसरलेच होते. अण्णांचं नाव तुमच्या कायमच्या यादीत आहे ना, आक्षेप घेणाऱ्यांच्या. पाकीट बरेच दिवस त्यांच्या उशाशी पडून होतं. काल दुपारी मी जेवायला घरी गेले तर ते टेबलाशी बसलेले, चष्मा कपाळावर, तांबडी पेन्सिल हातात. हात हल्ली थरथरतो, त्यामुळे ‘ब’च्या पानावर रेघ न उमटता नुसता फराटा उमटला होता.

"बस," म्हणाले. "मी सांगतो, तू लिही."

मी कागद घेतला. मला वाटलं, शब्द कोशात घेतलाच कसा, म्हणून झाडणार. मी खाली मान घालून बसले. त्यांनी नेहमीप्रमाणे माननीय संपादक वगैरे सांगितलं आणि मग म्हणाले, "‘बुडूक’ या शब्दाचे दिलेले मूळ चुकीचे आहे. नावाड्यांशी त्याचा संबंध नाही."

वीस वर्षांत तो शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. माझं पेन थांबलं. ते म्हणाले, "लिही की."

पुढचं त्यांनी सलग सांगितलं. पिंप अर्धं कापलेलं होतं. कडेला निळा रंग होता. पोरगा डाव्या हाताने ट्यूब दाबायचा आणि उजव्या हाताची बोटं वर धरायचा, बुडबुडा आला की बोट खाली टेकवून भोक झाकायचा, आणि मग तो शब्द म्हणायचा. काका त्याच्या पाठीत थाप मारायचे. समोरच्या बँकेच्या बाकावरून हे सगळं स्वच्छ दिसायचं.

"अण्णा, तुम्ही बाकावर कशाला बसायचात?" मी विचारलं.

"पेपर वाचायला."

"घरी पेपर येत होता."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग खिडकीतून जिन्याखालच्या सायकलीकडे बघत म्हणाले, तो गेल्यावर काकांना विचारायचं होतं, काही कळलं का म्हणून. नुसतं जाऊन कसं विचारणार? दुकानात काहीतरी काम लागतं. म्हणून वाटेत कोपऱ्यावर थांबून चाकाची हवा सोडायची आणि मग भरून घ्यायला जायचं.

धाकट्या, दर आठवड्याला. काका गेले, भाच्याला मधला कोण हे माहीतसुद्धा नसेल, तरी अजून जातात. मी त्याला चालणं समजत होते.

मला रडू आलं तर त्यांना ते चाललं नसतं, म्हणून मी म्हटलं, पुढे सांगा. ते म्हणाले, "दुसरा आक्षेप. शब्दाला ‘अशिष्ट’ ही खूण लावली आहे, ती काढावी. शब्द अशिष्ट नाही. मी तो प्रथम ऐकला तेव्हा बोलणाऱ्याच्या मनात आनंद होता. ऐकणाऱ्याला तो त्या वेळी कळला नाही, हा शब्दाचा दोष नव्हे." मग मला सगळं वाचून दाखवायला लावलं, दोन ठिकाणी माझ्या चुका काढल्या आणि सही केली. सही वाकडी आली आहे, पण त्यांचीच आहे.

तुझा गळ कुणासाठी होता हे मी त्यांना सांगितलेलं नाही. चूक बघून गप्प न बसणं कुणाच्या रक्तातून आलंय, हे आपण विसरलो होतो.

ताई


१४ एप्रिल

ताई,

बाईंनी पत्र माझ्यासमोर वाचलं. वाचून झाल्यावर चष्मा काढून विचारलं, "नावाडी कुठून आणलेत तुम्ही?"

मी सांगून टाकलं. दादा, फिटर, गळ, सगळंच. त्यांनी पत्र घडी घालून फायलीत ठेवलं. मला वाटलं, आता राजीनामा लिहायला सांगतील. त्यांनी चहा सांगितला, दोन कप. मी म्हणालो, घरच्या माणसाची साक्ष आपण धरत नाही. त्या म्हणाल्या, "नावाड्यांपैकी प्रत्येकाने लिहिलंय की आजोबा म्हणायचे. मी ऐकलं असं एकानेही लिहिलेलं नाही. तुमचे वडील लिहितात, मी पाहिलं. आणि या गृहस्थांनी आजवर आमच्याकडे शब्द बाहेर काढण्यासाठी लिहिलंय, आत घेण्यासाठी कधीच नाही. यांची साक्ष धरायची नाही तर कुणाची?"

शिक्षा मात्र झाली. मला ‘ब’वरून काढून ‘क्ष’वर बसवलंय. ‘क्ष’मध्ये शब्दच मोजके, त्यामुळे मी सध्या बहुतेक वेळ भिंतीकडे बघतो. नावाडी संघाला माफीचं पत्र मीच लिहायचं आहे. शाळेतल्या मुलांना होडीचं काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही.

दुरुस्त्यांची यादी परवाच्या रविवारी सगळ्या पुरवण्यांत छापून आली. कात्रण सोबत ठेवलंय:

‘बुडूक: नावाड्यांच्या बोलीतून हे मूळ रद्द. वाचावे: सायकल दुरुस्तीच्या दुकानातून. पंक्चर शोधताना पाण्यात उठणाऱ्या बुडबुड्याच्या आवाजावरून एका तरुण कारागिराने प्रथम वापरला. ‘अशिष्ट’ ही खूण काढली. सूचना: एक निवृत्त भाषाशिक्षक.’

शेवटची ओळ मी लिहिलेली नाही. नियमच आहे तसा. पण ती वाचताना मला कळलं की हे आता आक्षेपाचं उत्तर राहिलेलं नाही. जगात एकच माणूस असा आहे ज्याला ही ओळ वाचून कळेल की तो निवृत्त भाषाशिक्षक कोण, आणि त्याने खूण का काढायला लावली.

तो वाचेल की नाही माहीत नाही. मी आता आणखी काही करू शकत नाही. अण्णांना कात्रण दाखव.

धाकटा


६ मे

प्रिय धाकट्या,

उत्तराला उशीर झाला. शाळा उघडायच्या आधीचे दिवस म्हणजे माझं काय होतं तुला माहीत आहे. दुकानात कापड ठेवायला जागा नाही, हे पत्रही निळ्या पँटींच्या गठ्ठ्यावर ठेवून लिहितेय.

कात्रण अण्णांना दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि ‘तरुण कारागीर’ या शब्दांवर बोट ठेवून म्हणाले, "बरोबर आहे." खूण कुठेच केली नाही. पाकिटात घालून ते आता खिशात ठेवतात. सदरा धुवायला टाकताना मला आठवणीने काढून ठेवावं लागतं.

तसं सगळं पूर्वीसारखंच. कुणाचं पत्र नाही, फोन नाही. मी वाट बघत नाही असं ठरवलंय, आणि ठरवल्याप्रमाणे अजिबात होत नाही. परवा दुकानात एक शाळकरी मुलगी आईला म्हणत होती, आई, या फ्रॉकचं बुडूक खांद्यात आहे. खरंच होतं, खांदा उतरला होता. आईने तिला दटावलं नाही. तिच्या लेखी तो साधाच शब्द. मला मात्र वाटलं, पोरी, जरा हळू बोल, तो कुणाचा तरी आहे.

अण्णा आज नेहमीसारखे सायकल घेऊन गेले. माझ्या दुकानासमोरूनच जातात. मी आता जाताना बघते तर कोपऱ्यावर थांबले, वाकले, हवा सोडली, इकडेतिकडे पाहिलं आणि पुढे गेले. मी मान वळवून घेतली, मी पाहिलं असं त्यांना वाटायला नको. एरवी अर्ध्या तासात परत येतात. आज बराच वेळ झाला. भाच्याशी गप्पा मारण्यातले ते नाहीत. हे पान संपलं की बघायला जाते.

थांब. आले वाटतं. गल्लीच्या तोंडाशी सायकल दिसतेय.

अण्णांच्या हातात नाही ती. अण्णा बाजूने चालतायत, एक हात सीटवर ठेवून. हँडल दुसऱ्याच कुणाच्या हातात आहे. केस पांढरे. भाचा नव्हे हा. ऊन डोळ्यांवर येतंय म्हणून नीट दिसत नाही, पण मान, धाकट्या, मान उजवीकडे.

दोघंही बोलत नाहीयेत. अण्णांच्या चालीने चाललेत, सावकाश. आवाज येतोय तो नुसता पुढच्या चाकाचा, फरशीवर फटफट आपटतंय. आज हवा भरायची राहूनच गेली.